न्हाणीला छप्पर नाही

रविवारी दवंडी झाली:
आपापल्या घराभोवती फक्की मारून ठेवा,
उद्या वरून मोजणी आहे.

पंचायतीनं चुना वाटला, घरटी दीड घमेलं.
रात्री टॉर्च धरून सुपडूअप्पानं
आमच्या भिंतीपासून वीतभर आत ओढली रेघ.
पहाटे सासऱ्यांनी ती पायानं पुसून वीतभर बाहेर नेली.
अप्पाच्या कोंबडीला दोन्ही सारख्याच,
ती चुन्यातून चालत गेली
आणि तिच्या पांढऱ्या पावलांचा उतारा
अप्पाच्या ओट्यावरून आमच्या ओसरीत,
तिथून थेट रईसचाचांच्या उंबऱ्यावर निघाला.

साडेदहाला ते वर आलं.
गांधीलमाशी घागरीत अडकावी तसा आवाज.
शाळेतली पोरं पटांगणात नाचत होती.
धाब्यावर उडदाचे पापड, पापडांच्या राखणीला द्वारकाजिजी,
तिनं काठी उगारून त्यालाही हाकललं,
कावळ्याला हाकलतात तसं.
मी न्हाणीत होते.

आमच्या न्हाणीला छप्पर नाही.
तीन भिंती, चौथीकडे गोणपाट,
वर जे काही असेल ते.
अकरा वर्षं तिथे केस धुतले.
वर कधी घार, कधी दिवसा रेंगाळलेला चंद्र,
कधी अनेरकडे निघालेले बगळे.
कुणापुढे अंग चोरलं नाही.
घारीला पिल्लू हवं असतं,
बाईशी तिला काय करायचंय.

त्या दिवशी मात्र
डोक्यावर तांब्या पालथा धरून
भिंतीला चिकटून बसले,
डोळ्यांत शिकेकाई, आणि तो आवाज
जाता जात नव्हता.

दोन महिन्यांनी नकाशा लागला.
पंचायतीच्या भिंतीवर अख्खं गाव उताणं.
कुणाच्या धाब्यावर फुटका कूलर,
कुणाच्या टाकीला झाकण नाही,
सरपंचांच्या परसात, ज्यांनी हागणदारीमुक्तीचा फलक लावला,
त्यांच्याच परसात, जाऊ द्या.
लोक बोटं टेकवून शोधत होते: हे आपलं. हे आपलं.
मीही शोधलं. घर क्रमांक दोनशे चौदा.
न्हाणीच्या जागी एक पितळी ठिपका.
तांब्या.
त्याखाली मी.

शेजारी लिहिलेलं: मोकळी जागा, अडीच चौरस मीटर.
छप्पर नसलं की मोकळी जागाच लिहितात, साहेब म्हणाले,
आणि हरकतीचा छापील अर्ज पुढे केला.
त्यात तीन चौकोन. हद्द, क्षेत्र, नाव.
मी विचारलं, हरकत बघण्यावर असेल तर?
ताई, एवढ्या उंचीवरून माणूस ओळखू येत नाही.
मी म्हटलं, मला मी आले.

द्वारकाजिजी मागे उभी. तिला मोजणी मंजूर होती,
सनदेवर पहिल्यांदा तिचं नाव लागणार
म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.
तिनं एवढंच विचारलं,
"भाऊ, घर मनं, ओटा मना,
मंग वरलं आभाय कोनं शे?"
साहेब हसले नाहीत, भला माणूस.
वर पाहिलं त्यांनी.
वर पंचायतीचा पत्रा होता.

तिन्ही चौकोन रिकामे ठेवून
समासात लिहून दिलं मी जे लिहायचं ते.
पोच अजून आलेली नाही.
सनद आली, जिजीनं ती पिठाच्या डब्यामागे ठेवलीय.

आता तो आवाज गावाला नवा नाही.
केळीवर फवारणी करतो,
कैलास फोटोवाला वरात वरून काढतो
आणि वरात आमच्या गल्लीतूनच वळते.
न्हाणीवर मी जुनं लुगडं ताणलंय, जांभळं.
पाणी जांभळं, हात जांभळे,
साबण कुठे ठेवला ते दिसत नाही.

एखाद्या सकाळी मी आधी कान देते.
गिरणीचा पट्टा, कुणाची तरी म्हैस,
लांब रावेरच्या रस्त्यावर ट्रक.
मग लुगड्याची एक गाठ सोडते
आणि डोक्यावर पहिला तांब्या ओतते.

घार असली तर असू दे.