सोळाशे तीस

चावी द्यायची आहे चार वाजता.
तोवर कपाट आवरते.
तळाच्या खणात आलेखांच्या गुंडाळ्या,
पिवळ्या, रबरबँड कागदालाच चिकटून विरघळलेले.
तेव्हाचं यंत्र पेनानं रेघ काढायचं,
एकेका रेणूला बारा-बारा मिनिटं,
आणि मध्येच वीज गेली की
रेघ तिथेच थांबून
शाईचा ठिपका मोठा होत राहायचा.

आमच्या तांबट आळीत अण्णा
घडवलेला हंडा उलटा धरून
एकच टोला द्यायचे, कान लावायचे.
"इथं पातळ राहिलाय."
बोट नेमकं त्या जागी.
मी टोला प्रकाशाचा देते, एवढाच फरक,
असं मुलाखतीत बोलून गेले.
समितीतले एक गृहस्थ हसले.
नोकरी मिळाली, तात्पुरती.
पुढची सात वर्षं तात्पुरतीच.

शिकवायला हातच लागायचे मला.
डोकं म्हणजे ऑक्सिजन, दोन मुठी हायड्रोजन.
बंध ताणतो असा, आखडतो असा,
कात्रीसारखी उघडझाप करतो असा.
मागच्या बाकावर कुणीतरी ढोलकी धरायचं.
धरू दे. रेणू तरी कुठे गप्प बसतो?
उणे दोनशे त्र्याहत्तरलासुद्धा
थोडा थरथरतोच.

आणि ही गुंडाळी. जुलै सत्त्याऐंशी.
तांब्याचं संयुग, माझं स्वतःचं, निळंजांभळं,
आणि सोळाशे तीसपाशी एक खळगा,
जो तिथे असायला नको होता.
त्या रात्री गंगापूर रोडनं पायी घरी गेले,
कुणाशी न बोलता, ओठ मिटून,
पहिलटकरीण चालते तशी.
ऑगस्टमध्ये तोच खळगा. सप्टेंबरमध्ये तोच.
पुण्याला सर म्हणाले, छान.
पेपर छापून आला.

मग मे.
साडी पिळून टांगेपर्यंत वाळते
तसला आपला कोरडा मे.
खळगा नाही.
तीनदा केलं. नाही.
रंगनाथ खैरे स्टूल पुसता पुसता म्हणाले,
"बाई, ते मीठ पावसाळ्यात ओल धरतंय.
आमच्या घरचं पण धरतंय."

पोटॅशियम ब्रोमाइडच्या चिमूटभर गोळीत
शिरलेली पावसाळी हवा, हा माझा शोध.
पाणी.
कात्रीसारखी उघडझाप करणारं साधं पाणी,
जे मी दर वर्षी
दोन मुठींनी वर्गात करून दाखवत होते.

पेपर मागे घेते, असं संपादकांना कळवलं.
रजिस्टर पोस्टाची पावती इथेच असेल कुठेतरी.
सर वर्षभर बोलले नाहीत,
त्यांचंही नाव होतं त्यावर.
त्यानंतर जे केलं ते लहान केलं.
गोळ्या साठच्या बल्बखाली ठेवल्या,
नमुना लावताना श्वास रोखला,
कारण श्वासही उमटतो, तेवीसशे पन्नासपाशी,
दोन शिंगांचा. मुलं त्याला
"वडके मॅडमचा उसासा" म्हणायची,
मला कळत नाही असं समजून.
सत्तावीस पेपर. फारसे कुणाला आठवणार नाहीत.
आकडे बरोबर आहेत.

दारात तेजल बोरस्ते, पिंपळगावची.
नवं यंत्र नऊ सेकंदांत सगळं सांगतं,
धापा टाकायचं काम माणसाकडेच उरलंय.
"मॅडम, इथे काहीतरी आहे."
चष्मा शोधते. बाहेर झड लागलेली,
खिडकीच्या गजांवर पाण्याची रांग.
मी हसायच्या तयारीत,
आणि आकडा वाचते:
सोळाशे सदुसष्ट.

पाणी इथे नसतं.
श्वासही नाही.
पुन्हा वाचते. बोट ठेवते त्या जागी.
काय आहे ते मला माहीत नाही.

"मेमध्ये पुन्हा घे," म्हणते.
"तेव्हाही असलं, तर घरी येऊन सांग."
ती घड्याळाकडे बघते.
चार वाजून वीस.
चावी माझ्या मुठीत ओली झालेली.