कलम धरेपर्यंत

धक्का कुणाचाच नव्हता.
बोनस रेषेवरून वळले, पाऊल मातीतच राहिलं
आणि गुडघा एकटाच पुढे गेला.
आत ओल्या फोकासारखं तुटलं काही. कट्.
एवढ्या गलक्यात
ते फक्त मीच ऐकलं.

संध्याकाळपर्यंत गुडघ्याचा भोपळा.
झिंगराजीनं एरंडीचं तेल गरम केलं,
अंगठ्यानं चाचपत म्हणाला,
"हाड जाग्यावर हाये पोरी, लचक हाये, उतरन."
सूज उतरलीही. एसटीमागं पळाले एकदा.
मग घाटाच्या तिसऱ्या पायरीवर
पाय खालून निघूनच गेला,
भाड्यानं आणल्यासारखा.

अमरावतीला एक्स-रे स्वच्छ.
डॉक्टरीणबाईंनी एका हातानं मांडी धरली,
दुसऱ्यानं नडगी पुढे ओढली,
ड्रॉवरसारखी सरकली.
मग डावा गुडघा ओढला. तो सरकला, आणि थांबला.
"हा थांबा तुझ्या उजव्यात उरला नाही."
एमआरआय नंतर झाला. त्याचे पैसे आधी.

शिवून जुळत नाही म्हणे.
मांडीमागची एक दोरी काढायची,
हाडाला भोक पाडून तिथं ओवायची.
आई म्हणाली, "म्हंजे घरचंच काढून घरात लावाचं?"
बाबा गप्प. शेंदूरजन्याच्या नर्सरीत जन्मभर
जंबेरीच्या खुंटावर
संत्र्याचे डोळे बांधत आलेत ते.

टाके सुकले. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी,
गुडघा खाली दाब, दहा मोज, सोड.
आधी सरळ व्हायला शीक, म्हणायच्या बोबडेबाई.
मांडी अशी वाळलेली
की आंघोळीला दुसऱ्या कुणाची वाटायची.

तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबलं.
फक्कीची बादली घेऊन मैदान आखायला निघाले,
तर बाबांनी वाटेतून नर्सरीत नेलं.
पट्टीवर हिरवा कोंब, बोटभर.
"धरला वाटते ना? वढून पाह्य."
ओढला. हातात आला.
एक रोप वाया घालवलं त्यांनी त्या दिवशी.

बोबडेबाईंनी हेच सांगितलं होतं, तक्ता दाखवून:
ओवलेली दोरी आधी मरते,
मग हळूहळू तिच्यात रक्त शिरतं,
आणि बरं वाटू लागतं
नेमकी तेव्हाच ती सगळ्यात कच्ची असते.
मी तेव्हा तक्त्यावरची माशी बघत होते.

आता दहावा महिना.
एका पायावर उडी, टेपनं मोजायची.
डावा एकशेदहा, उजवा शंभर.
बोबडेबाई म्हणतात, चालेल.
गुडघाही म्हणतो, चालेल.
मी दम धरून रेषेपर्यंत जाते
आणि अजून
डाव्याच पायावर वळते.