कारण न देता

इझाबेल, तुझ्या खोकल्याला नाव नव्हतं.
भट्टीवरच्या सगळ्याच बायका खोकायच्या.
मुकादम म्हणायचा, काजूचा धूर तो, गूळ खा.
आपण गूळ खाल्ला.
तू गेलीस त्या आठवड्यात
तुझा बिल्ला, त्रेचाळीस नंबर, दुसरीच्या छातीवर लागला.

यंदा वेंगुर्ल्यात मच्छी मार्केटपाशी एक गाडी आली,
आत मोठ्या काकणासारखं यंत्र.
धुराच्या कामावर वीस वर्षं काढलेल्यांना फुकट.
मी गेले ते रांगेला सावली होती म्हणून.
श्वास घ्या. धरा. आता सोडा.
इतक्या अदबीनं माझा श्वास कुणी मागितला नव्हता.

डाग निघाला. डावीकडे, वरती.
केवढा, विचारलं. डॉक्टरांनी मिलिमीटर सांगितले.
तसं नको, म्हटलं. दोनशेचाळीस की तीनशेवीस?
त्यांना कळेना.
पिशवीतून दोन गर काढून टेबलावर ठेवले.
बराच वेळ बघून त्यांनी बारक्यावर बोट ठेवलं.
एकतीस वर्षं, इझाबेल,
डागी गर बाजूला टाकायचे ते हेच हात.

मग सीमेपलीकडच्या मोठ्या इस्पितळात
रेश्मा डिचोलकर नावाची पोर
बावीस पानं घेऊन समोर बसली.
नेहमीचं औषध सगळ्यांनाच, म्हणाली,
त्यावर एक गोळी. कुणाला नवी,
कुणाला नुसतीच, औषध नसलेली.
दिसायला दोन्ही सारख्या.
कोणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवणार,
तुमच्या डॉक्टरांनाही कळणार नाही.
म्हणजे कौलच की गो, मी म्हटलं,
फक्त कळा उजवा पडला की डावा
ते गुरवालाही दिसत नाही.
ती हसली. मग म्हणाली, देव नाही हो मावशी, आकडे.
बरं. आकडे.

चौदाव्या पानावर होतं:
कोणतंही कारण न देता, कधीही,
तुम्ही यातून बाहेर पडू शकता.
पुन्हा वाच, म्हटलं.
तिनं वाचलं.
आणखी एकदा.
तिला वाटलं, मला समजलं नाही.

मांडवात हे कुणी वाचलं नव्हतं.
भट्टीवर घेताना नाही.
समुद्रावरून पिऊन येणाऱ्याचं ताट
झाकून बसले त्या रात्रींतही नाही.
दाराला कडी नाही म्हटल्यावर मी आत बसले.
सही केली, सावकाश, पूर्ण नाव,
सुगंधा यशवंत मठकर,
शेवटच्या र ला शेपूट काढून.

आता मी एकशेसतरा.
नाव पाकिटात, पाकीट कपाटात.
महिन्यातून दोनदा पहाटेची एसटी
(तिकीट जपायचं, पैसे मिळतात),
चार नळ्या रक्त, अधूनमधून ते काकण.
मुलगा चिडतो, तुका उंदीर केल्यानी, आये.
उंदराक कोण बावीस पानां वाचून दाखयता रे?

एक वही दिली आहे. रोज लिहायचं, काय झालं.
मळमळ. जिभेला चव नाही. पायाला मुंग्या.
मी सगळंच लिहिते.
मंगळवार, बांगडे स्वस्त. रात्री दोनदा खोकले.
गुरुवार, जावेशी बोलले, सहा वर्षांनी.
रेश्मा म्हणते, एवढं नको हो.
कुणी सांगावं, म्हणते मी, कशाचा गुण.

कधी गोळी जिभेवर धरून बघते.
खरी असेल तर कडू लागेल असं वाटतं.
काहीच लागत नाही.
कधी वाटतं, सोडून द्यावं. चौदावं पान आहेच.
मग पुढच्या वारी पुन्हा साडेपाचला
स्टँडवर जाऊन उभी राहते. तेही कारण न देता.

त्रेचाळीस नंबरवर हल्ली एक कोवळी पोर आहे.
तोंडाला ओढणी बांधते,
तरी परवा बाजारात सोलं घेताना खोकली.
मी तिला गूळ सांगितला नाही.
गाडी पुन्हा येणार तो वार सांगितला.
दुखतं का, तिनं विचारलं.
श्वास धरायला सांगतात, म्हटलं.
मग सोडा म्हणतात.