मयत तर्फे वारस

फुजैराच्या कोर्टासमोर, फोटोकॉपीच्या दुकानाला चिकटून
माझं टेबल. अर्ज टाइप करते.
अरबीचे पंधरा, इंग्रजीचे दहा,
रडणं ऐकून घ्यायचे काही नाहीत.

निजाम सारंग आला तेव्हा दुपारची बांग होऊन गेली होती.
खुर्चीवर बसला नाही. कागद पुढे केला:
प्रतिवादी मरण पावल्याने कामकाज थांबवले आहे.
वादीने वारसांची नावे व पत्ते दाखल करावेत.

"माणूस मेला तरी भांडण जित्तंच?"
म्हटलं, हो. माणूस जातो, येणं-देणं राहतं.
ते वारसाकडे उतरतं,
जमिनीसारखं, मधुमेहासारखं.

दावा मीच टाइप केला होता, चार वर्षांपूर्वी.
एसी दुरुस्तीचं दुकान, दोघांची भागी,
अडतीस हजार चारशे दिरहम.
जनार्दन घाडीगावकर म्हणे, हिशेब वहीत आहे.
वही पान साठपर्यंतच बोले.

हे मात्र मला माहीत नव्हतं
की चारही वर्षं दोघं एकाच खोलीत राहिले.
दुसरी परवडेना. मधे दोरीवर एक चादर.
गॅस एक, तवा एक.
तारखेला एकाच टॅक्सीतून यायचे,
एक पुढे, एक मागे, भाडं निम्मं निम्मं.
बोलायचे फक्त न्यायाधीशासमोर, दुभाष्यामार्फत:
वेतोऱ्याच्या माणसाचं म्हणणं
अरबीला वळसा घालून
पावसच्या माणसाला पोचायचं.

मग एका पहाटे चादरीपलीकडचं घोरणं थांबलं.
"जाग आली ती त्यानंच," निजाम म्हणाला.

शवागारातून सोडवायला तोच गेला.
व्हिसा रद्द, पासपोर्ट रद्द, शिक्क्यावर शिक्का.
'मयताशी नाते' या रकान्यापाशी कारकुनानं मान वर केली.
यानं सांगितलं: वादी.
कारकून हसला नाही. त्यानं 'मित्र' लिहिलं.

"नावं सांगा." मी आधी मराठीत कच्चं उतरवून घेते.
त्याला कुठे शोधावं लागलं नाही.
पत्नी शेवंती. "पासबुकात शेवंता आहे.
पैसे मीच पाठवायचो, त्याला फॉर्म भरता येत नसे."
आई आहे. "ऐकू कमी येतं, ते लिहायचं?"
नाही.
मुलगा दर्शन, शिमग्याला सतरा. मी पुढे लिहिलं, अज्ञान.
"अज्ञान कसा? त्याला सगळं माहीत आहे."
मुलगी.

इथे तो खुर्चीवर बसला.
ती अजून फोन करते. निजामकाका,
बाबांचं कपाट उघडलंत का?
किल्ली याच्याच खिशात.

मी समजावलं, वसुली वारसांच्या खिशातून नाही,
मयतानं मागे ठेवलं असेल तेवढ्यापुरतीच.
काय ठेवलंय?
दोन गेज. अर्धा भरलेला सिलिंडर.
व्हॅक्यूम पंप, "पण तो भागीतला, अर्धा माझाच."
सुटकेसमध्ये एक फ्रॉक, लेबलासकट,
आठ वर्षांच्या मापाचा. मुलगी आता चौदाची.
आणि वही. साठाव्या पानानंतरची पानं
कंप्रेसरच्या तेलानं एकमेकांना चिकटलेली.

सोडवली का?
"वाफेवर धरली तर सुटतील," तो म्हणाला,
आणि माझ्या मागच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

नंतर विचारलं, "नावं दिलीच नाहीत तर?"
दावा पडून राहतो. मुदत संपली की आपोआप मरतो.
"आपोआप," तो म्हणाला.
दाताखाली खडा आल्यासारखा
पुन्हा एकदा म्हणाला.

पंधरा दिरहम ठेवून गेला. छापलेलं काहीच नव्हतं.
कच्च्या कागदावर मुलीपुढची जागा रिकामी.
बाहेर टॅक्सी थांबली.
तो पुढे बसला की मागे,
काचेवरच्या उन्हात मला दिसलं नाही.