सतरा थेंब

वैनगंगेच्या पोटात उन्हाळ्यापुरतं उगवतं ते बेट.
त्यावर टरबुजाची वाडी, झाऊची झुडपं,
आणि रेतीत पालथे आम्ही दोघं,
मी न् लालसूमामा.

मामा चिमूटभर राख सोडून वारा बघतो.
धनुष्य बांबूचं, दोरीही बांबूच्याच सालीची;
बोटाला लागली की दोन दिवस ठणकते.

मग पाणी फुरफुरतं. डुकरं पोहत येतात.
आधी डुकरीण, मागं पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं.
मामा मान हलवतो : नाही.
ती चरून गेल्यावर, कितीतरी वेळानं,
एकटा सुळेवाला.
टरबूज फुटलं
आणि माझा बाण सुटला.

बॅटरीच्या उजेडात रेतीवर काळे थेंब.
सोळा मोजले. सतरावा अगदी काठाशी.
पुढं नदी.

मामा रागावला नाही.
कमरेइतक्या पाण्यात उतरला,
पलीकडचा काठ पहाटेपर्यंत चाचपत राहिला.
'बाण गवसते का पाह्यतो,' एवढंच म्हणाला.

उजाडल्यावर तेच टरबूज उचललं त्यानं.
दातांच्या खुणा विळ्यानं तासल्या,
उरलेली फोड माझ्या हातात ठेवली.

गोड होती.
मी बियासुद्धा गिळल्या.