सफरचंदांपर्यंत

हॅन्कॉकला बर्फ खिडकीच्या वर चढला
की आइलीमावशी ती तबकडी काढायची.
कव्हरवर एक बाई, अंगात पुरुषी स्वेटर,
कुंपणाला टेकलेली, कॅमेऱ्याकडे न पाहता.
कोपऱ्यात कॉफीच्या कपाचं तपकिरी वर्तुळ:
ते छापलेलं नाही, आमच्या घरचं.

दहा गाणी. गिटार, मध्येच हार्मोनिका,
आणि ड्रम इतके मागे
की शेजारी कुणी लाकडं फोडतंय असं वाटावं.
आवाज गोड म्हणावा तर तसा नव्हता.
वरच्या सुराला जाताना चक्क थांबायचा,
जिन्यात गुडघ्यावर हात ठेवून थांबावं तसा,
मग पोचायचा.
चौथ्या गाण्याआधी खुर्ची करकरायची.
आम्ही तिची वाट बघायचो.

दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात
ती भावाला पत्र लिहिते:
घोडी विकली, छप्पर गळतं, वडील आता

खट्.

सुई उडी मारून थेट सफरचंदांवर.
यंदा झाड लवकर लाल झालं, वगैरे.

ओरखडा कुणी पाडला
यावर घरात दोन पक्ष होते.

वडील आता काय? मी सात वर्षांचा होतो.
मावशी वेलचीच्या पावाचं पीठ मळत होती.
"ते तिचं तिला माहीत."
रेनोकाका म्हणायचा, गेले असणार, दुसरं काय.
इर्मा म्हणे, नाही, पिणं सोडलं असेल.
मी दर हिवाळ्यात तिथे वेगळे वडील ठेवून पाहिले.
खाणीतले. पाद्री. एकदा एक खलाशी.
ज्या वर्षी माझे निघून गेले,
त्या वर्षी तिथे कुणालाच ठेवलं नाही.

परवा मिनिआपोलिसला एका दुकानात
नवी सीडी मिळाली, धुऊनपुसून लख्ख.
गाडीतच लावली. वायपर चालू होते.
चौथ्या गाण्याआधी खुर्ची नव्हती.
मग ती ओळ आली, अख्खी:
वडील आता रोज दाढी करतात,
कुणी येणार असल्यासारखी.

पार्किंगचे पैसे दोनदा भरले मी.

रात्री मावशीला फोन लावला.
चौऱ्याऐंशीची आहे, ऐकायला कमी येतं,
म्हणून तबकडी मोठ्याने लावते;
पलीकडून घोडी विकल्याचं ऐकू आलं.
म्हटलं, मावशी, तो शब्द सापडला. सांगू?

"थांब जरा," ती म्हणाली,
"सफरचंदं येऊ देत."