जमा-नावे

दिवसभर मी दुसऱ्यांच्या गुळाचा हिशेब ठेवते.
गुलटेकडीला, मार्केट यार्डात, पोकर्णांच्या पेढीवर.
किती ढेपा उतरल्या, किती फुटल्या,
कुणाची उधारी दिवाळीपलीकडे गेली.
संध्याकाळी बिबवेवाडीच्या चढावर बसमधून उतरते
तेव्हा पिशवीत फुटक्या ढेपेचा एक तुकडा असतो
शेठना विचारून घेतलेला,
तोसुद्धा वहीत मांडून,
आणि डोक्याभोवती आकडे
गुळावरच्या माश्यांसारखे.

ओव्हन नाही माझ्याकडे.
कुकर आहे, शिट्टी काढलेला,
तळाशी मीठ, भाजून भाजून काळं पडलेलं,
हे त्याचं तिसरं वर्ष.
मिठावर वाटी उपडी, वाटीवर जर्मनचा डबा.
मैदा, दही, चिमूटभर सोडा,
दोन केळी, जी घरात कुणीच खाणार नव्हतं,
आणि गूळ. किसत नाही मी, बत्त्याने ठेचते,
म्हणजे मधेच एखादा खडा लागतो दाताखाली
आणि माणूस बोलता बोलता थांबतो.

मग चाळीस मिनिटं मंद आच.
घरात सगळ्यांना ठाऊक आहे,
या वेळात झाकण उघडायचं नाही,
कुकरचं
आणि माझंही.

वही म्हणजे पतपेढीने फुकट वाटलेली डायरी,
सहा वर्षं जुनी.
छापलेला वार शनिवार, आजचा मंगळवार.
मी वार खोडत नाही.
शनिवारला तरी कुठे काय करायचं होतं.
पान मधोमध दुमडते, हाताची सवय,
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

जमा:
बसमध्ये खिडकी.
हे तिकीट, उरलेल्या मैद्याच्या खळीने डकवलेलं.
(खळीमुळे वहीला मुंग्या येतात.
येऊ देत. वाचणारं कुणीतरी हवंच.)
गाळ्यासमोरचा लसणाचा ढीग, उन्हात जांभळा,
रंगवून बघितला, जमला नाही, तरी जमा.

नावे:
चष्म्याचा नंबर वाढलाय, कुणाला सांगितलं नाही.
दोनदा खोटं हसले, एकदा तर फोनवर,
जिथे हसू दिसतही नाही.
हिराताईचा फोन वाजू दिला.
परवाही.

इथे पेन थांबलं. मग चालू लागलं ते थांबेना.
आईची भांडी वाटताना मी म्हणाले होते,
मला काही नको,
आणि रिक्षात बसताना
जुन्या साडीत गुंडाळून एक डबा नेला.
गुळाचा खडा मांडून घेणारी मी,
बारा वर्षं झाली,
तो डबा कुठल्याच वहीत नाही.
उजवी बाजू भरली. मी डावीकडे शिरले,
जमेच्या बाजूला, तिकिटावरून, लसणावरून.

"काकू, जळतंय!"
समोरच्या दारातला श्रीयश, तिसरीतला,
नाक आधी आत, पाय मागून.

बूड कोळसा. वरचा अर्धा मात्र भुसभुशीत,
आम्ही दोघांनी चमच्याने वरूनच खाल्ला, उभ्याने.
खडा लागला तसा तो थांबला,
मग म्हणाला, "पुढच्या वेळी पण जाळा."
वहीत त्याने डाव्या कोपऱ्यात एक मुंगी काढली,
तिला आठ पाय.
हिशेब चुकलाय, मी म्हटलं.
"दोन जास्तीचे आहेत," तो म्हणाला, "असू देत."

रात्री डबा घासायला घेतला.
राख, काथ्या, मग नखं.
आतलं काळं सुटता सुटेना म्हणून पालथा केला
तर बुडावर ठिपक्याठिपक्यांनी
कोरलेलं
चि. हिरा.
इतकी वर्षं मिठाच्या धगीवर तेच टेकत होतं.
घासून जात नाही. घासलं तसं उजळत गेलं.

वही उघडली पुन्हा, ओल्या हाताने.
उजवीकडे जागा नव्हती.
दुमडीवरच लिहिलं, दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं,
तिचं नाव.
खाली रक्कम नाही टाकली.

पावणेदहा झालेत.
ती दहाला झोपते.